मालकाच्या नावाचा रकाना

केंद्र सरकारच्या सेवेत अठ्ठावीस वर्षे काढल्यानंतर एक गोष्ट माझ्या चांगलीच ध्यानात आली आहे. शासनाला नागरिक दिसतो तो बहुधा एखाद्या छापील नमुन्यातून. नाव, वय, पत्ता, शिक्षण यांच्यानंतर कामाविषयी दोन रकाने येतात. काय काम करता, हा पहिला. कोणाकडे करता, हा दुसरा. पहिल्या रकान्यात लिहिण्याजोगे उत्तर प्रत्येक कष्टकऱ्याजवळ असते. दुसऱ्याचे उत्तर मात्र आपल्या देशातील निम्म्याहून अधिक कामकऱ्यांजवळ नसते. २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीनुसार देशातील सुमारे ५८ टक्के काम करणारी माणसे स्वयंरोजगारी या वर्गात मोडतात. आणि गंमत अशी की भविष्य निर्वाह निधी, आजारपणाची रजा, अपघाताची भरपाई, प्रसूतीचे साहाय्य, इतकेच काय पण गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार, हे सारे आपल्या व्यवस्थेने आजवर प्रामुख्याने त्या दुसऱ्या रकान्यालाच बांधून ठेवले होते.

रोजगाराच्या प्रश्नावर सध्या वर्तमानपत्रांतून, संसदेतून आणि घरोघरी जी चर्चा चालते, तिचा रोख बहुतांशी एकाच गोष्टीवर असतो: नव्या नोकऱ्या किती निर्माण झाल्या? प्रश्न रास्तच आहे. परंतु त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे असे मला वाटते. जे काम आज चालू आहेच, जे करून कोट्यवधी माणसे आपली चूल पेटती ठेवतात, त्या कामाला भाव, भांडवल, जागा आणि संरक्षण कसे मिळणार? हा दुसरा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर लावून धरला, त्या इलाबेन भट्ट यांच्या कार्याचा एका प्रशासकाच्या नजरेतून विचार करावा, हा या लेखाचा हेतू आहे.

इलाबेन (१९३३-२०२२) यांना आज ‘सामाजिक उद्योजक’ म्हटले जाते. हा शब्द प्रचारात येण्याच्या कितीतरी आधी त्यांचे काम सुरू झाले होते. त्यांचा जन्म अहमदाबादचा, बालपण सुरतेत गेले. १९५४ साली त्यांनी कायद्याची पदवी सुवर्णपदकासह मिळवली. मराठी वाचकांना आवर्जून सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांनी काही काळ मुंबईत, महर्षी कर्वे यांनी स्थापिलेल्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन केले होते. १९५५ साली त्या अहमदाबादच्या मजूर महाजन संघाच्या कायदा विभागात रुजू झाल्या. मध्यंतरी काही काळ त्यांनी गुजरात सरकारातही नोकरी केली आणि १९६८ साली त्या मजूर महाजनाच्या महिला विभागाच्या प्रमुख झाल्या.

मजूर महाजन ही काही सामान्य संघटना नव्हती. अनसूयाबेन साराभाई आणि महात्मा गांधी यांच्या प्रेरणेने १९२० साली स्थापन झालेली, कापड गिरण्यांतील कामगारांची ही देशातील अत्यंत प्रतिष्ठित संघटना. पण तिचा महिला विभाग होता तो गिरणी कामगारांच्या बायकामुलींसाठी. त्यांना शिवणकाम, भरतकाम शिकवावे, जेणेकरून घरखर्चाला हातभार लागेल, अशी त्यामागची कल्पना. म्हणजे कामगार तो पुरुष, आणि स्त्री ही कामगाराच्या कुटुंबातील व्यक्ती. त्या काळच्या शासकीय दृष्टिकोनाहून हा दृष्टिकोन फारसा निराळा नव्हता.

१९७१ साली हे चित्र बदलू लागले. अहमदाबादच्या कापड बाजारात हातगाड्या ओढणाऱ्या, बाहेरगावांहून पोटासाठी आलेल्या काही स्त्रिया राहण्याच्या जागेची अडचण घेऊन महिला विभागाकडे आल्या. इलाबेन त्यांची वस्ती पाहण्यास गेल्या, तर वस्ती म्हणजे रस्ताच होता. तेथेच त्यांची गाठ डोक्यावरून कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या हमाल स्त्रियांशी पडली. घाऊक बाजारातून किरकोळ बाजारात माल पोचवावयाचा आणि खेपेप्रमाणे पैसे घ्यावयाचे, असा व्यवहार. खेपांची नोंद कोणीच ठेवत नसे. व्यापारी देईल ती मजुरी आणि तो मोजील त्या खेपा.

इलाबेननी या परिस्थितीवर स्थानिक वृत्तपत्रात लेख लिहिला. त्याचे खंडन करण्यासाठी व्यापाऱ्यांनी प्रत्युत्तर छापून आणले की आम्ही तर रास्त दर देतो. महिला विभागाने व्यापाऱ्यांचा तोच दावा कार्डांवर छापून घेतला आणि ती कार्डे हमाल स्त्रियांना वाटली. आता मजुरी घेताना ती स्त्री व्यापाऱ्यापुढे त्याचेच शब्द धरू शकत होती.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या घटनेत एक मोठा धडा आहे. श्रमाचा भाव मागणी आणि पुरवठा यांवर ठरतो असे आपण पहिल्याच वर्षी शिकतो. परंतु ज्या बाजारात एका बाजूला मूठभर, एकमेकांना ओळखणारे व्यापारी आणि दुसऱ्या बाजूला सुट्या सुट्या, दर ठाऊक नसलेल्या शेकडो बायका असतात, तेथे भाव ठरतो तो बऱ्याच अंशी माहितीवर आणि एकजुटीवर. छापील कार्डाने एकही नवी नोकरी निर्माण केली नाही. चालू असलेल्या कामाचे मोल वाढवण्याचे साधन तेवढे कामकरी बाईच्या हाती दिले.

पुढे एका जाहीर सभेत, जुने कपडे विकणाऱ्या एका स्त्रीने सुचवले की आपली स्वतःची संघटना का असू नये. डिसेंबर १९७१ मध्ये संघटना स्थापण्याचे ठरले. तिचे गुजराती नाव ‘स्वाश्रयी महिला सेवा संघ’. या नावातील पहिल्या शब्दाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. अशा कामगारांना तोवर ‘असंघटित’, पुढे ‘अनौपचारिक’ असे म्हटले गेले. ‘अ’ने आरंभ होणारी ही नावे त्यांच्याजवळ काय नाही ते सांगतात. इलाबेननी जाणीवपूर्वक असा शब्द निवडला जो त्यांच्याजवळ काय आहे ते सांगतो.

यानंतर प्रशासनाचा संबंध आला. कामगार संघटना म्हणून नोंदणीचा अर्ज गेला, तेव्हा कामगार खात्याने हरकत घेतली. तुमचा मालक कोण? मालकच नसेल तर तुम्ही कोणाविरुद्ध लढणार, आणि लढणार नसाल तर तुमची कामगार संघटना कशी? वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु ज्या १९२६ च्या कायद्याखाली तो अर्ज होता, त्यातील व्याख्या काढून पाहिली तर वेगळेच दिसते. कामगार आणि मालक यांच्यातील संबंधांचे नियमन करणारा संघ तर त्या व्याख्येत होताच, पण कामगार आणि कामगार यांच्यातील संबंधांचे नियमन करणारा संघही तिच्यात स्पष्टपणे समाविष्ट होता. इलाबेनचेही म्हणणे हेच होते की कामगारांनी संघटित व्हावे ते आपसांतील ऐक्यासाठी; कोणाच्या विरोधात असलेच पाहिजे असे नाही. बरीच ये-जा झाल्यानंतर १२ एप्रिल १९७२ रोजी ‘सेवा’ची नोंदणी झाली.

प्रशासकीय सेवेतील तरुण सहकाऱ्यांना मी हे उदाहरण मुद्दाम सांगत असतो. कायद्याचे शब्द रुंद होते. ते वाचण्याची सवय अरुंद होती. आपल्याकडे अनेकदा नव्या कायद्याची मागणी होते तेव्हा जुना कायदा नीट वाचला गेलेला नसतो. आणि जो अधिकारी तो नीट वाचून सही करतो, त्याच्या त्या एका सहीचे परिणाम पन्नास वर्षे टिकू शकतात. ‘सेवा’ची सभासदसंख्या आज वीस लाखांहून अधिक आहे.

सवयीचा हा अरुंदपणा केवळ नोंदणी कार्यालयात असतो असे नव्हे. सेवेच्या प्रारंभीच्या काळात एका नमुना पाहणीच्या निमित्ताने मी मध्य भारतातील एका लहान शहरात गेलो होतो. अन्वेषक घरातील कर्त्या पुरुषाला प्रश्न विचारत होता. बायको काय करते? ‘काही नाही, घरीच असते.’ ती बाई त्याच्या मागेच बसून पाटावर उदबत्त्या वळत होती. अन्वेषक अनुभवी होता. त्याने तिच्याकडे वळून विचारले, हजार काड्यांचे किती मिळतात? तिने आकडा ताबडतोब सांगितला, आणि पाठोपाठ सामान आणून देणारा माणूस खराब मालाचे किती कापून घेतो तेही सांगितले. आमच्या सूचनापुस्तिकेत तिच्यासाठी योग्य तो संकेतांक होताच. केवळ पहिल्या उत्तरावर थांबले असते तर ती ‘घरकाम करणारी’ म्हणून नोंदली गेली असती आणि देशाच्या श्रमशक्तीतून वजा झाली असती. अशी किती घरे पहिल्याच उत्तरावर बंद होत असतील, हा विचार माझा अजून पाठलाग करतो.

विद्यापीठात आम्हाला आर्थर लुईस यांचा १९५४ सालचा प्रसिद्ध निबंध अभ्यासाला होता. त्यांच्या मांडणीत अर्थव्यवस्थेची दोन अंगे असतात. एक आधुनिक, भांडवलाचे. दुसरे पारंपरिक, जेथे गरजेपेक्षा जास्त माणसे कशीबशी पोट भरतात. विकास म्हणजे दुसऱ्या अंगातील माणसे हळूहळू पहिल्यात सामावली जाणे. या मांडणीत फेरीवाला, हमाल, घरी विड्या वळणारी बाई ही सारी जणू प्रतीक्षागृहात बसलेली माणसे. गाडी आली की ती चढतील. म्हणून प्रतीक्षागृहाच्या सोयींवर खर्च कशाला? योगायोग असा की ज्या १९७२ साली ‘सेवा’ची नोंदणी झाली, त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने केनियाविषयीचा आपला गाजलेला अहवाल प्रसिद्ध केला आणि त्यामुळे ‘अनौपचारिक क्षेत्र’ ही संज्ञा जगभर रूढ झाली. ही माणसे बेकार नसून काम करणारी आहेत आणि पुष्कळ उत्पादकही आहेत, असे त्या अहवालाने म्हटले. अर्थशास्त्रज्ञांनी जे पाहणी करून शोधले, ते अहमदाबादच्या कापड बाजारातील बायका आदल्याच वर्षी सभेत सांगून चुकल्या होत्या.

प्रतीक्षागृहातल्या माणसांना पहिली गरज असते ती पैशाची. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि गरिबांना कर्ज द्यावे असे धोरणही ठरले होते. ‘सेवा’ने प्रथम आपल्या हजारो सभासदांना या बँकांपर्यंत नेऊन पाहिले. पण मळक्या कपड्यांतील, लेकरू कडेवर घेतलेली, बाजाराच्या वेळेत येऊ न शकणारी ग्राहक बँकेच्या शाखेला नवीन होती, आणि तिलाही शाखा परकीच होती. तेव्हा १९७४ साली चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेऊन स्वतःची सहकारी बँक काढली. निरक्षर स्त्रिया सही कशी करणार, ही अडचण पुढे आलीच. छायाचित्र असलेले पासबुक हा त्यावरचा उपाय ठरला. आज आपल्याला यात विशेष काही वाटणार नाही. त्या काळी मात्र ओळख पटवणे म्हणजे सही, असे समीकरण होते. सावकाराकडे सकाळी घेतलेले पैसे संध्याकाळी व्याजासह परत करणाऱ्या भाजीवालीच्या दृष्टीने रोजगारवृद्धी म्हणजे काय? भाजीचा धंदा तिच्याजवळ होताच. त्यातील जो हिस्सा सावकाराकडे जात होता तो घरी राहू लागला, की उत्पन्न वाढले.

भांडवलानंतर जागा. अहमदाबादच्या जुन्या शहरातील माणेक चौकात पिढ्यान्‌पिढ्या बसणाऱ्या भाजीवाल्या स्त्रियांना महानगरपालिका आणि पोलीस उठवीत असत. हा वाद १९८२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढे तीन दशकांच्या चळवळीनंतर, ज्यात देशभरातील फेरीवाल्यांच्या संघटना सामील होत्या, २०१४ साली पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा झाला. शहर फेरी समितीत किमान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना आणि त्यातील एक तृतीयांश स्त्रियांना, ही त्यातील तरतूद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्याला उठवायचे त्यालाच समितीत बसवावे लागणे, हा प्रशासनातील लहान बदल नव्हे. या समित्या कितपत नियमाने भरतात हे ज्याने त्याने आपापल्या शहरात विचारून पाहावे. आपण महाराष्ट्राबाहेर, दिल्लीत वा इंदुरात वा बंगळुरात राहत असलो, तरी भाजी आपण घेतोच, आणि ती विकणारी उद्या त्याच जागी असेल की नाही हे या समितीवर अवलंबून असते.

या प्रवासात तोटा सोसण्याचे प्रसंगही आले. १९८१ साली गुजरातेत वैद्यकीय महाविद्यालयांतील दलितांच्या राखीव जागांविरुद्ध आंदोलन पेटले, तेव्हा ‘सेवा’ने दलितांची बाजू जाहीरपणे घेतली. मजूर महाजनाशी मतभेद विकोपाला गेले आणि ‘सेवा’ला त्या घरातून बाहेर पडावे लागले. पुढच्या काही वर्षांत अहमदाबादच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि हजारो संघटित कामगार रस्त्यावर आले. त्यांच्यापैकी कित्येकांची घरे त्या काळात तगली ती शिलाई, फेरी, उदबत्ती यांच्या उत्पन्नावर. लुईस यांची गाडी उलट दिशेने धावू लागली होती आणि प्रतीक्षागृहच अनेकांचा निवारा झाले होते.

शासनानेही हळूहळू दखल घेतली. १९८६ ते १९८९ इलाबेन राज्यसभेच्या नामनिर्देशित सदस्य होत्या. स्वयंरोजगारी आणि असंघटित क्षेत्रातील स्त्रियांविषयीच्या राष्ट्रीय आयोगाच्या त्या अध्यक्षा झाल्या आणि १९८८ साली या आयोगाचा ‘श्रमशक्ती’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. पुढे त्या नियोजन आयोगाच्या सदस्यही होत्या. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरखेप कामगारांविषयीचा १७७ क्रमांकाचा करार संमत केला, त्यामागील दीर्घ प्रयत्नांत ‘सेवा’चा वाटा मोठा होता. भारताने मात्र या कराराला अद्याप अनुमोदन दिलेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

प्रशासकाला हेवा वाटावा अशी त्यांच्या संस्थेची एक पद्धत आहे. आपल्या कामाचे मूल्यमापन ‘सेवा’ अकरा प्रश्नांनी करते. सभासदांचे काम वाढले का, उत्पन्न वाढले का, पोटाला पुरेसे मिळते का, आरोग्य सांभाळले जाते का, मुलांची काळजी घेतली जाते का, घर सुधारले का, स्वतःच्या नावावर काही मत्ता झाली का. आणि पुढे संघटना बळकट झाली का, स्त्रियांतून नेतृत्व पुढे आले का, त्या स्वावलंबी झाल्या का, लिहू-वाचू लागल्या का. आमच्या योजनांच्या अहवालांत लाभार्थींची संख्या आणि खर्चाची टक्केवारी असते. मत्ता कोणाच्या नावावर झाली हा प्रश्न क्वचितच असतो. आर्थिक उन्नती म्हणजे काय याची माझ्या वाचनातील ही सर्वांत व्यवहार्य व्याख्या आहे.

आता दुसरी बाजू. माझे काही अर्थशास्त्रज्ञ मित्र म्हणतात की लहान कामाला प्रतिष्ठा देण्याच्या नादात आपण लहान कामच कायम करतो. उदबत्ती वळणाऱ्या बाईला दर वाढवून मिळेल, पण तिची मुलगी कारखान्यात यंत्रावर गेली तर उत्पन्न कितीतरी पटींनी वाढेल. पूर्व आशियात आणि बांगलादेशात स्त्रियांचा मोठ्या प्रमाणावर कारखान्यांत प्रवेश झाला, त्यातून समाज बदलला. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. संघटनेने वाटणी सुधारते; उत्पादकता वाढण्यासाठी यंत्र, वीज, कौशल्य आणि मोठी बाजारपेठ लागते. शिवाय पन्नास वर्षांत वीस-पंचवीस लाख सभासद ही संख्या कोणत्याही संस्थेला भूषणावह असली, तरी आपल्या देशाच्या मानाने ती अपुरीच आहे.

परंतु माझे उत्तर असे की या दोन गोष्टी परस्परांच्या आड येत नाहीत. मुलगी यंत्रावर जाण्यापूर्वी तिला शाळेत टिकावे लागते, आणि ती टिकते की नाही हे बहुधा आईच्या दरावर आणि धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या पाळणाघरावर ठरते. शिवाय २०१७-१८ ते २०२३-२४ या काळात स्त्रियांचा श्रमसहभाग सुमारे २३ टक्क्यांवरून सुमारे ४२ टक्क्यांवर गेला असे पाहणी सांगते, पण काम करणाऱ्या स्त्रियांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश स्वयंरोजगारीच आहेत, आणि त्यांत घरच्या धंद्यात बिनमोल मदत करणाऱ्यांचाही समावेश आहे. गाडी अजून पुरेशी आलेली नाही. प्रतीक्षागृह मात्र भरत चालले आहे.

म्हणूनच आजच्या घडामोडींकडे सावधपणे पाहावे लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम संकेतस्थळ सुरू झाले. त्यावर तीस कोटींहून अधिक नावे नोंदली गेली आणि त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रम संहिता अमलात आल्या आणि १९२६ चा तो जुना कायदा इतिहासजमा झाला. नव्या औद्योगिक संबंध संहितेत, कामगार संघटनांविषयीच्या प्रकरणापुरती, ‘कामगार’ या शब्दाची व्याख्या असंघटित कामगारांपर्यंत वाढवली आहे. अहमदाबादच्या कार्यालयात १९७२ साली ज्यावर हरकत निघाली, ते आता विधीत लिहिले गेले. याचे मी मनापासून स्वागत करतो.

तथापि नोंद झाली म्हणजे काम झाले, असा समज प्रशासनात फार लवकर रूढ होतो. कार्ड हाती आले, पण त्या कार्डामागे पैसा कोणाचा आणि बोलणी करणारे कोण? येथे महाराष्ट्राचा अनुभव उपयोगी आहे. अहमदाबादच्या हमाल स्त्रिया संघटित होण्याच्या दोनच वर्षे आधी, १९६९ साली, महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. प्रश्न तोच होता: आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या, मालक म्हणावे कोणाला? कायद्याने त्रिपक्षीय मंडळे स्थापली. जो जो माल उचलून घेईल त्याने मजुरी आणि तिच्यावरील ठराविक आकार मंडळाकडे भरावयाचा, आणि मंडळाने त्यातून मजुरी, निधी, रजा यांची सोय करावयाची. या व्यवस्थेत पुढे दोष शिरले, हे खरे. पण तिचे तत्त्व शहाणपणाचे होते. मालकाचा रकाना भरता येत नसेल, तर श्रमाचा लाभ घेणाऱ्या सर्वांचा मिळून एक रकाना करावा.

याच्या उलट उदाहरण विडी कामगारांचे आहे. १९७६ च्या कायद्याने विड्यांवर उपकर बसवून त्यांच्या कल्याणाचा निधी उभारला होता. २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यावर तो उपकर संपुष्टात आला. तेव्हापासून हे कल्याण अर्थसंकल्पातील तरतुदीवर अवलंबून आहे. ज्या हक्कामागे स्वतःचा उत्पन्नस्रोत नसतो, त्याला दरवर्षी दारात उभे राहावे लागते, हे अर्थखात्याची कामे पाहिलेला कोणीही सांगेल.

आणि सर्वांत काळजीची गोष्ट वेगळीच आहे. इलाबेननी अभिमानाने निवडलेला ‘स्वयंरोजगारी’ हा शब्द आता दुसऱ्याच हेतूने वापरला जात आहे. घरोघर जेवण पोचवणारा, मोटार चालवणारा तरुण हा आमचा नोकर नव्हे, स्वतंत्र ‘भागीदार’ आहे, असे ॲपवाल्या कंपन्या सांगतात. माणेक चौकातील भाजीवाली आपला भाव स्वतः ठरवत होती. या तरुणाचा दर, मार्ग आणि दंड दुसराच कोणी ठरवतो. मालक नसणे आणि मालक दिसेनासा होणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कंपन्यांकडून वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, पण कामगारांना दिल्या जाणाऱ्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत, अंशदान घेण्याची तरतूद केली आहे. माथाडी कायद्यातील तत्त्वाचाच हा एक दूरचा वारसा म्हणता येईल. मात्र अंशदान घेतले म्हणून दर ठरवण्याच्या बोलणीतून कामगाराला बाहेर ठेवता कामा नये.

माझ्या मते प्रशासनाने तीन गोष्टी कराव्यात. पहिली, ई-श्रमवरील नोंद ही अखेरची पायरी न मानता, स्थानिक संघटना, सहकारी संस्था आणि बचत गट यांना नोंदणीची, पडताळणीची आणि तक्रार मांडण्याची अधिकृत भूमिका द्यावी. दुसरी, ज्या ज्या उद्योगात श्रमाचा लाभ घेणारा ओळखता येतो, तेथे त्याच्याकडून अंशदान घ्यावे आणि ते वेगळ्या निधीत ठेवावे. सर्वसाधारण महसुलात मिसळू नये. तिसरी, घरखेप कामगारांविषयीच्या १७७ क्रमांकाच्या कराराला आता अनुमोदन द्यावे. तीस वर्षे उलटून गेली आहेत.

चौथी गोष्ट शासन निर्णयाने होणारी नाही. ती टेबलामागे बसणाऱ्या प्रत्येकाने स्वतःच करावयाची आहे. समोरच्या अर्जात एखादा रकाना कोरा असेल, तर अर्ज परत करण्यापूर्वी कायद्याने तो रकाना खरोखरच भरणे आवश्यक केले आहे का, हे मूळ कलम उघडून पाहावे. माझा अनुभव असा आहे की दहापैकी निदान तीन वेळा ते आवश्यक नसते. त्या तिघांचे अर्ज त्याच दिवशी पुढे सरकवता येतात.